राखेनं घासलेला कॅन

सुरेखाला राग आला होता तो हातमोज्यांचा.

निळे, रबरी, कोपरापर्यंत येणारे हातमोजे. धाकट्या जावेनं, शालूनं, ते धुऊन मोरीजवळच्या खुंटीवर टांगले होते आणि सासूबाई, झुंबरबाई, घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला ते दाखवत होत्या. "माह्या शालूचे हायेत. सरकारनं दिले." सरकारनं म्हणजे कृषी सहायक संध्या मॅडमनी, आणि दिले होते ते फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या उचलायला. पण झुंबरबाईंचा सूर असा, की सुनेला जणू कलेक्टरची खुर्चीच मिळाली.

सुरेखाला या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली होती. वाटूर फाट्यापासून चार-पाच किलोमीटर आत असलेल्या त्या गावात तिच्या हातच्या घासण्याधुण्याला नाव होतं. लग्नाकार्यातली करपलेली पातेली निघेनाशी झाली की बाया म्हणायच्या, सुरेखाला बोलवा. सगळं गाव म्हणायचं, फक्त घरातली एक बाई म्हणत नव्हती. झुंबरबाईंनी एकोणीस वर्षांत तिला "बरं केलंस" एवढेही दोन शब्द दिले नव्हते. असतो एखाद्या माणसाचा स्वभाव, असं समजून सुरेखानं सोळा वर्षं काढली. मग दिराचं, पप्पूचं, लग्न झालं. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली, बारावी शिकलेली शालू घरात आली आणि तेव्हा कळलं, की स्वभावबिभाव काही नाही. म्हातारीकडे कौतुक पोत्यानं होतं. ते तिनं दुसरीसाठी राखून ठेवलं होतं, एवढंच.

शालूची भाकरी एका कडेला जळायची, तर ती "खरपूस" असायची. शालू उशिरा उठली तर "लेकराला झोप लागेल व्हती". सुरेखा ऐकायची आणि तवा जरा जास्तच जोरात आपटायची. बरं, शालूशी भांडावं तर तीही सोय नव्हती. ती पोरगी भांडतच नव्हती. "बाई, तुम्ही सांगा, मी करते," म्हणायची. गोड बोलणाऱ्या माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं काम असतं, आणि सुरेखा ते तीन वर्षं इमानानं करत होती.

त्यात जुलैमध्ये ते पिंजऱ्याचं निघालं. कपाशीवर फवारणी सुरू झाली की औषधांच्या बाटल्या बांधाबांधावर, ओढ्यात, विहिरीच्या कडेला पडतात. त्या गोळा करायला ग्रामपंचायतीशेजारी लोखंडी जाळीचा एक मोठा पिंजरा उभा केला होता. संध्या मॅडमनी देवळासमोर बायांना बसवून सगळं करून दाखवलं. रिकाम्या डब्यात पाणी घालायचं, झाकण लावून खळखळून हलवायचं, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं. असं तीनदा. मग तापवलेल्या सळईनं डब्याच्या बुडाला भोक पाडायचं, म्हणजे कुणी तो परत वापरणार नाही. पिंजरा भरला की गाडी येऊन सगळं घेऊन जाणार.

"आणि मोठ्या कॅनची मूठ बघा," मॅडम म्हणाल्या. "ती पोकळ असते. औषध तिथं बसून राहतं. हात पोचत नाही, काडी पोचत नाही. म्हणून एक भोक मुठीलाही पाडायचं."

नंतर त्यांनी विचारलं, हे काम कोण सांभाळेल? सुरेखानं पदर सारखा केला. धुणं, घासणं, नीट ठेवणं, हे तिचं नाही तर कुणाचं काम होतं? ती गुडघ्यावर हात ठेवून उठणार, तेवढ्यात मागून झुंबरबाईंचा आवाज आला. "माही शालू करन. शिकेल हाय."

सुरेखा अर्धी उठली होती, ती तशीच खाली बसली. शेजारच्या बाईनं ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. एवढं एक दृश्य सुरेखाला पुढे तीन महिने पुरलं.

दर शनिवारी शालू मागच्या अंगणात बसायची. आठवडाभर लोकांनी आणून टाकलेल्या बाटल्या तीनतीनदा खळाळायची, ते पाणी पप्पूच्या पंपात ओतायची आणि चुलीत सळई तापवून भोकं पाडायची. सुरेखाच्या जिवाला खरा चटका बसायचा तो तेव्हा. पाच लिटरचा पांढराशुभ्र कॅन, घट्ट निळं झाकण, धरायला मूठ! गावात असा कॅन म्हणजे घरातली वस्तू. त्यात डिझेल ठेवा, रानात पाणी न्या. पिढ्यान्‌पिढ्या बाया असे डबे राखेनं घासून वापरत आल्या, आणि ही कॉलनीतली पोरगी त्याच्या पोटात सळई खुपसत होती.

"बाई, मुठीत औषध राह्यतं," शालू एकदा म्हणाली होती. "मॅडमनी सांगितलं ना."

"मला नको शिकवू," सुरेखा म्हणाली. हेच वाक्य दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं कदाचित मानलंही असतं. शालूच्या तोंडून आलं, म्हणून ते खोटं ठरलं.

ऑगस्टपासून सुरेखानं आपला धंदा सुरू केला. शालू धुऊन ठेवायची आणि सळई तापवायला आत जायची, तेवढ्यात सुरेखा ढिगातला एखादा चांगला कॅन उचलून गोठ्यात लपवायची. मग फुरसतीनं राख, चिंचेचं पाणी, तुराटीला बांधलेली चिंधी असा सरंजाम घेऊन बसायची. लेबल नखानं सोलून काढायचं, दोन दिवस पत्र्यावर ऊन द्यायचं. वासाचा मागमूस राहायचा नाही. असे कॅन तिनं गल्लीतल्या बायांना वाटले. "सुरेखाबाईचा हातच येगळा," बाया म्हणायच्या. "शालू नुसती भोकं पाडून राह्यली."

तिकडे संध्या मॅडमनी पिंजरा पाहून शालूला विचारलं, लहान बाटल्या एवढ्या आहेत, मोठे कॅन कुठे गेले? शालू गोंधळली, बोटं मोजायला लागली. सुरेखा तिथंच उभी होती. तिच्या पोटात असा थंडावा पसरला, की त्या दिवशी तिनं आपणहून शालूला चहा करून दिला.

पण गल्लीनं म्हणून काय होतं? जिनं म्हणायला पाहिजे, ती म्हणतच नव्हती. दिवाळी तोंडावर आली तेव्हा झुंबरबाईंचे गुडघे धरले. माठापर्यंत जाणं होईना. एका संध्याकाळी त्या सुरेखाला म्हणाल्या, "मलाबी एक कॅन दे. उशाला पानी ठिवायला."

सुरेखा हरखली. तिनं खास कॅन शोधायचं ठरवलं. शालूच्या ढिगात त्या आठवड्यात मोठा कॅन नव्हता, म्हणून ती गावाबाहेर साहेबरावांच्या बांधावर गेली. त्यांच्या कपाशीवर नुकती फवारणी झाली होती. दोन कोरेकरकरीत कॅन तिथं आडवे पडले होते, जहाल विषाच्या पिवळ्या त्रिकोणाचे, उग्र वासाचे. सुरेखानं दोन्ही आणले आणि इतके घासले, की तिच्या बोटांची सालं निघाली. एक रिकामाच म्हातारीच्या उशाशी नेऊन ठेवला. झुंबरबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला, झाकणाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "ठिव तितं." एवढंच.

सुरेखा दोन मिनिटं उगाच उभी राहिली, आणखी काही येतं का म्हणून. आलं नाही.

त्या रात्री दुसऱ्या कॅनचं काय करायचं ते तिनं ठरवलं. कॅनला तिनं गोणपाट शिवलं. रानात पाणी गार राहावं म्हणून सगळेच असं शिवतात, आतला डबा कोणता ते कुणाला दिसत नाही. उद्या कापूस वेचायला सगळ्या बाया आपल्या रानात येणार होत्या. पहिलं पाणी शालूला द्यायचं. मग भाकरीच्या वेळी, सगळ्यांसमोर, गोणपाटाची शिवण फाडायची आणि विचारायचं, काय गं, तुझ्या पिंजऱ्यातल्या कॅनचं पाणी पिलीस, मेलीस का? बाया हसतील. संध्याकाळपर्यंत घरी, म्हातारीच्या कानापर्यंत जाईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते तिला तेव्हा कोण सांगणार?

सकाळी अकराच्या सुमारास शालू ओटीत कापूस घेऊन धुऱ्याच्या बांधावर आली. "बाई, पानी हाय का?"

"हाय ना. ये."

शालूनं ओंजळ धरली. सुरेखानं वरून धार सोडली. दोन घोट घेऊन शालूनं ओंजळ काढली आणि तोंड वाकडं केलं. "जरा उग्र लागून राह्यलं."

"नवं गोणपाट हाय, त्याचा वास," सुरेखा म्हणाली. लगेच म्हणाली, विचार न करता म्हणाली. हे वाक्य तिला पुढे जन्मभर पुरणार होतं. दुसरी एक बाई पाण्याला आली, तर तिला म्हणाली, "थांब, भाकरीला बसू तव्हा पेऊ." खेळ मोडायला नको होता.

खेळाची वेळ आलीच नाही. अर्ध्या तासात शालू कपाशीच्या ओळीतच खाली बसली. अंगाला पाण्यासारखा घाम सुटला, तोंडातून लाळ गळायला लागली, मग उलट्या. बाया धावल्या. कुणी म्हणालं, ऊन लागलं. कुणी म्हणालं, साहेबरावाच्या रानात फवारून राह्यलेत, औषधाचा वारा लागला. सुरेखाचा नवरा बद्रीनाथ आणि पप्पू शेजारच्याची जीप घेऊन आले. सुरेखा मागच्या सीटवर शालूचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शालूनं तिच्या पदराचा शेव मुठीत धरला होता आणि तालुक्याचं परतूर येईपर्यंत सोडला नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी शालूच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नर्सला भराभर दोन-तीन गोष्टी सांगितल्या आणि बाहेर आले.

"हे उन्हाचं नाही," ते म्हणाले. "वाऱ्याचंही नाही. हिच्या पोटात औषध गेलंय. मी उपचार सुरू केलेत, पण कोणतं औषध ते कळलं तर नेमकं करता येईल." मग आवाज खाली आणून त्यांनी पप्पूला विचारलं, "घरात काही भांडण झालं होतं का?"

पप्पूचा चेहरा उतरला. "न्हाई हो साहेब. बिलकुल न्हाई."

"खरं सांगा. बायका बोलत नाहीत."

बद्रीनाथनं भावाकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते सुरेखाला बरोबर कळलं. उद्या गाव काय म्हणणार तेही कळलं. शालूनं औषध पिलं. गोड बोलायची, पण आत काहीतरी होतं. झुंबरबाईंची लाडकी सून अशी निघाली. सुरेखानं काही करायचं नव्हतं, फक्त भिंतीला टेकून उभं राहायचं होतं, की तीन वर्षं जे हवं होतं ते आपोआप झालं असतं.

आणि खरं सांगायचं तर ती उभी राहिलीही. किती वेळ, ते तिलाही सांगता यायचं नाही. आतून शालूच्या ओकण्याचा आवाज आला. मग, "बाई कुठं हायेत?" असं तिनं नर्सला विचारलेलं ऐकू आलं. आईला नाही, नवऱ्याला नाही, बाईंना विचारत होती.

"म्या पाजलं," सुरेखा म्हणाली.

तिघंही वळले.

"भांडण न्हाई झालं. तिनं काही केलं न्हाई. साहेबरावाच्या बांधावरचा कॅन म्या आणला. राखेनं घासला. त्यातलं पानी तिला पाजलं. तिला माहीत नव्हतं. पिवळा त्रिकोन व्हता." आणि नखानं सोललेल्या लेबलावरचं औषधाचं नाव तिनं अक्षर न चुकता सांगितलं.

डॉक्टर आत धावले. पप्पू तिच्याकडे बघत राहिला. "वहिनी," एवढंच म्हणाला. बद्रीनाथ जाऊन दूर, पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिला.

सुरेखा बाकावर बसली आणि तिथं तिला ती गोष्ट सुचली. गल्लीत वाटलेले सगळे कॅन तिनं शालूच्या ढिगातून उचलले होते. म्हणजे ते आधी शालूनं तीनदा खळाळून धुतलेले होते. तिची राख वरवरची. लोकांनी दोन महिने नावाजलं ते शालूचं धुणं होतं. सुरेखानं स्वतःच्या एकटीच्या हातानं धुतलेले कॅन दोनच. एक आज रानात नेला. दुसरा...

रात्र दवाखान्यातच गेली. पहाटे शालूची लाळ थांबली. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही, दोनच घोट होते म्हणून. पण म्हातारीजवळ मोबाइल नव्हता. सुरेखानं सांगितल्यावर बद्रीनाथनं रात्रीच शेजारी फोन करून, म्हातारीनं उशाच्या कॅनातलं पाणी पिऊ नये म्हणून निरोप दिला होता. शेजाऱ्यांनी तो दिला की नाही कोण जाणे. सुरेखा पहिल्या गाडीनं निघाली. निघताना शालूजवळ गेली. शालूचे ओठ सुकले होते.

"बाई, तुमाला त्याचा वास न्हाई आला का?" शालूनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

"आल्ता," सुरेखा म्हणाली.

शालूनं डोळे मिटून घेतले. सुरेखा थोडी थांबली आणि निघाली.

घरी आली तेव्हा झुंबरबाई खाटेवर बसल्या होत्या. निरोप माहीत नसलेल्या, गल्लीतल्या आकांक्षानं माठातून पाणी काढून नुकताच कॅन भरून दिला होता, आणि तो गळ्यापर्यंत भरलेला कॅन उशाशी होता. झाकण उघडं होतं, हातात रिकामा पेला होता.

"पिलात का त्यातलं?" सुरेखानं दारातूनच विचारलं.

"आता पेनार व्हते. काल माठातलंच पिले, शेजारची मनली याला हात लावू नको. काहून नको? चांगला तं हाय." झुंबरबाईंनी पेला खाली ठेवला. "शालू कशी हाय?"

"बरी हाय आता."

"मला वाटलंच व्हतं," म्हातारी म्हणाली. "दिवसभर त्या इखाच्या बाटल्यात हात घालती. ती मॅडम शिकवती अन् ही ऐकती. नुसतं पानी हलवून कुठं डबा निघतो व्हय?" तिनं कॅनवरून हात फिरवला, एखाद्या वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "हा बघ. वास न्हाई, डाग न्हाई. तुह्यासारखं धुनं या घरात कुनालाच जमायचं न्हाई, सुरेखा. शालूला तं बिलकुल न्हाई."

सुरेखा दारात उभी होती ती तशीच राहिली. एकोणीस वर्षं हे वाक्य तिनं मनात ऐकलं होतं, सणावाराला, पुरणावर, मांडलेल्या उतरंडीवर. आज ते नाव घेऊन म्हटलं होतं, आणि शालूच्या वर ठेवून म्हटलं होतं. तिला वाटलं, हे असंच थोडा वेळ राहू द्यावं. कॅन नुसता उचलून न्यावा, दुसरा देते म्हणून सांगावं. कोण विचारतं?

मग ती मोरीकडे गेली. खुंटीवरचे निळे हातमोजे काढून घातले. चुलीत सळई सारली. ती लाल होईपर्यंत खाली बसून राहिली.

"काय करती गं?" झुंबरबाई म्हणाल्या.

सुरेखानं घमेलं आणलं, कॅन त्यात ठेवला आणि सळई मुठीत खुपसली. प्लास्टिक चरचरलं. आधी राखेचा काळा लगदा बाहेर आला, ती चिंधी फिरवत होती तेव्हा आत जाऊन बसलेला. त्याच्यामागून पांढरं, दुधासारखं काहीतरी घमेल्यात गळायला लागलं. वास घरभर झाला.

झुंबरबाईंनी पदर नाकाला लावला. त्यांची नजर पांढऱ्या धारेवर होती. मग त्यांनी पेल्याकडे पाहिलं.

"असं धुतलं व्हतं तू?"

"व्हय," सुरेखा म्हणाली. "शालूनं याच्या जोडीच्या कॅनातलं पिलं, आत्याबाई. म्याच पाजलं."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. सुरेखानं कॅन उलटा केला आणि बुडालाही एक भोक पाडलं. गल्लीत अजून अकरा कॅन होते, तेही आणायचे होते. तिनं हातमोजे काढले नाहीत, तशीच पहिल्या दाराकडे निघाली.